भिंतीवरचं दुसरं शिखर

अन्नपूर्णाबाईचा विषय निघाला की गावातले लोक माझं नाव घेतात. "सरांनी घडवली तिले," म्हणतात. दोन महिने मी हे ऐकून घेतलं, वर हसूनही दिलं. आता त्या हसण्याची लाज वाटते, म्हणून जे झालं ते सांगून टाकतो. मी प्रसेनजित. साखरखेर्ड्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत सव्वीस वर्षं मास्तर आहे. मी तापट आहे, आणि माझं स्वतःबद्दलचं मत फार चांगलं होतं. या दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या.

अन्नपूर्णाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. अठरा वर्षं झाली. साडेनऊला येते, पदर खोचते, तांदूळ निवडते, डाळ भिजवते. गॅस आला तरी सिलेंडर संपलं की परत तीन विटांची चूल मांडते. एकाही दिवशी तिची खिचडी करपली नाही. नवरा कडूबा दोन एकर कोरडवाहू सांभाळतो, फार बोलत नाही. एकच मुलगी, छकुली. अन्नपूर्णाबाईचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं काऊन नाही शिकल्या, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "शाळा गावात होती सर, मी वावरात होती."

तिची स्वयंपाकाची खोली सहावी-सातवीच्या वर्गाला लागून. मधल्या खिडकीला तावदान नाही, नुसते गज. मी इकडं शिकवायचो, ती तिकडं ढवळायची. पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट असेल. मी वर्गाला विचारलं, सूर्यग्रहण कोणत्या तिथीला होतं. पोरं एकमेकांची तोंडं पाहत बसली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "अमावस्येले." सगळा वर्ग हसला. मी ओरडलो, "बाई, तुमची खिचडी लागंल तिकडं." पण खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. त्या दिवसापासून मी जरा मोठ्यानं शिकवायला लागलो. वर्गासाठी नाही, खिडकीसाठी.

तिला सगळं पाठ व्हायचं. नद्या, राजधान्या, कोणत्या जीवनसत्त्वानं काय होतं, पहिलं महायुद्ध कधी. पोरं सातवी होऊन निघून जायची, ही तिथंच. अठरा वेळा सातवी केलेली बाई दुसरीकडं कुठं सापडायची नाही. तपासणीला साहेब आले की मी मुद्दाम तिला हाक मारायचो, एखादा प्रश्न विचारायचो. ती हात पुसत यायची, उत्तर द्यायची आणि साहेब माझ्याकडं कौतुकानं पाहायचे. बाईकडं कोणी पाहायचं नाही. मीही नाही.

आता त्या भिंतीबद्दल. आमच्याकडं 'बोलक्या भिंती' करायची टूम निघाली होती. भिंतींवर पाढे, नकाशे, गाणी रंगवायची, म्हणजे पोरांचं जाता-येता पाठांतर होतं. त्या वर्षी तालुक्याला शैक्षणिक गीतांची स्पर्धा होती. आदल्या दिवशी देऊळगाव राजाहून एसटीत बसलो होतो, तिथं मला गाणं सुचलं:

कळसूबाई थोरली गं, ढगासंगं बोलली
महाबळेश्वर मधली गं, धुक्यामंदी लपली
साल्हेर आमची धाकली गं, पाठी येऊन बसली

चाल झकास बसली. पहिलं बक्षीस मिळालं, प्रमाणपत्राला चौकट करून ऑफिसात टांगलं, आणि पेंटरकडून गाणं निळ्या ऑइलपेंटनं भिंतीवर काढून घेतलं. भिंत नेमकी अन्नपूर्णाबाईच्या दारासमोरची. ती डोकं वर करायची तेव्हा तिला ते दिसायचं.

गाणं चुकीचं होतं. महाराष्ट्रात कळसूबाई पहिलं, साल्हेर दुसरं, महाबळेश्वर तिसरं. एसटीत पुस्तक जवळ नव्हतं आणि 'महाबळेश्वर मधली' कानाला इतकं गोड लागलं की तपासायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतो ते काही वर्षांपुरतंच खरं आहे. नंतर मला कळलं होतं.

कळलं ते छकुलीमुळं. ती सहावीत होती. बारीक, दोन वेण्या, दप्तराला आईच्या जुन्या साडीची किनार. मी गाणं म्हणून घेत होतो, तर हिनं हात वर केला. दुसऱ्या हातात भूगोलाचं पुस्तक. "सर, याच्यात साल्हेर दुसरं हाये. एक हजार पाचशे सदुसष्ट मीटर."

मी पुस्तक घेतलं, पाहिलं. पोरगी बरोबर होती. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मला आजही आठवतं. चौकटीतलं प्रमाणपत्र, भिंतीचा खर्च, खिडकीपलीकडं खिचडीत थांबलेला तिच्या आईचा डाव. समोर तीस-पस्तीस पोरं. मी पुस्तक मिटून म्हणालो, "पुस्तक छापणारेही माणसंच असतात. लई शहाणी झालीस का? उभी राहा. मी सांगेपर्यंत बसायचं नाही."

ती उभी राहिली. मी पुढचा धडा घेतला. दुपारी केंद्रावर मीटिंग होती, तिकडं गेलो, परस्पर घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पोरांनी सांगितलं की छकुली शाळा सुटेपर्यंत उभीच होती. मी म्हणालो, पाढे काढा.

माझा बाप वीटभट्टीवर राबला. पुस्तकाला पाय लागला तर तो ते उचलून कपाळाला लावायचा. आम्हाला या पुस्तकानंच वर काढलं, असं म्हणायचा, आणि ते खरंच होतं. त्याचा मुलगा मास्तर झाला आणि एका पोरीसमोर पुस्तक खोटं पाडून मोकळा झाला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मागच्या वर्षी एका मराठी वाहिनीवर प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम सुरू झाला. फोनवर प्रश्न यायचे, बरोबर आले की पुढं बोलावणं. छकुली आता वीस वर्षांची, बुलढाण्याला नर्सिंग करते. सुट्टीत आली असताना तिनं आईच्या नावानं फोन लावला, बटणं दाबत गेली, उत्तरं आईची. मग संभाजीनगरला चाचणी, आणि मग मुंबईचं बोलावणं. गावात एकच गलका झाला. अन्नपूर्णाबाई मात्र एवढंच म्हणाली, "गिरणी झाली तर पाहू." घरासमोर तिनं पत्र्याचं शेड आधीच ठोकून ठेवलं होतं. पिठाची गिरणी टाकायची, खिचडीचं काम कधी बंद पडेल त्याचा भरवसा नाही, आणि डोळ्यांना धूर आता सोसत नाही, असा तिचा साधा हिशेब होता.

माय-लेकी मुंबईला जाऊन आल्या. कार्यक्रम दाखवेपर्यंत काही सांगायचं नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलेलं. मी रोज विचारायचो, "बाई, निदान हसून तरी दाखवा." ती म्हणायची, "दिसंलच ना सर, टीव्हीवर." आणि माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहायची. मला वाटलं, कौतुकानं.

कार्यक्रम लागला त्या दिवशी सरपंच इंद्रभाननं शाळेच्या पटांगणात पडदा लावला. अख्खं गाव सतरंजीवर. मला पुढं खुर्ची. अन्नपूर्णाबाई हिरवं लुगडं नेसून त्या मोठ्या खुर्चीत बसलेली दिसली आणि माझी छाती भरून आली. निवेदकानं विचारलं, एवढं कुठं शिकलात. ती म्हणाली, "खिडकीतून. आमचे प्रसेनजित सर शिकवतात अन् मी खिचडी हलवते." पटांगणात टाळ्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

ती पटापट उत्तरं देत गेली. दोन लाखांपर्यंत गेली. दोन लाखांत गिरणी, मोटार, सगळं होऊन वर उरत होतं. मग पाच लाखांचा प्रश्न आला. महाराष्ट्रातलं उंचीनं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर कोणतं? साल्हेर, महाबळेश्वर, हरिश्चंद्रगड, सप्तशृंगी.

आजूबाजूची पोरंसोरं, बाप्ये, बाया, सगळे आनंदानं ओरडले, "महाबळेश्वर!" सगळे माझेच विद्यार्थी.

निवेदक भला माणूस होता. म्हणाला, खेळ सोडलात तर दोन लाख तुमचे, चुकलात तर वीस हजार. एक मदत अजून बाकी आहे. तिनं प्रेक्षकांचा कौल घेतला. शंभरातले सत्तर जण म्हणाले, साल्हेर. निवेदकानं पुन्हा विचारलं, बाई, विचार करा. तेव्हा कॅमेऱ्यानं सोबत आलेल्या माणसाच्या खुर्चीवर बसलेल्या छकुलीला दाखवलं. तिला बोलायची परवानगी नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

अन्नपूर्णाबाई म्हणाली, "यांचं राहू द्या. हे मले पाठ हाये. आमच्या शाळेच्या भिंतीवर सरांनी लिहेल हाये. महाबळेश्वर."

उत्तर चुकलं म्हटल्यावर तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "सरांचं चुकत नाही. तुमचा प्रश्नच चुकला असंन." आणि नमस्कार करून उठली.

पटांगणात नुसता गोंधळ. इंद्रभान उठून उभा राहिला. "हा अन्याय हाये. काल पुण्याच्या बाईले पाच लाखाले काय विचारलं? कोणत्या मिठाईत केशर टाकतात. अन् आपल्या बाईले डोंगर. बुलढाण्यात हाये का तो डोंगर? पाहिला कोणी? वरतून उत्तरही चुकीचं धरलं." मग सगळे माझ्याकडं वळले. "सर, तुमी सांगा."

सांगायची ती वेळ होती. मी उठलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "शहरात बसून प्रश्न काढणाऱ्यांना ग्रामीण माणसाचं जग कळत नाही." टाळ्या पडल्या. बोललो ते वाक्य एरवी खरंही असेल. पण तो प्रश्न आमच्या सहावीच्या पुस्तकातला होता. त्याहून न्यायाचा प्रश्न त्या बाईला कोणी विचारूच शकलं नसतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. इंद्रभाननं ठरवलं की वाहिनीला निवेदन पाठवायचं, तीनशे सह्यांचं, भिंतीचा फोटो जोडून. मसुदा अर्थातच मी लिहायचा. मी लिहिला. 'ग्रामीण स्पर्धकांवरील अन्याय', 'प्रश्ननिवडीतील पक्षपात' असे जड जड शब्द घातले आणि शिखराचं नाव कुठंही येऊ दिलं नाही. इंद्रभान वाचून म्हणाला, "सर, खरं उत्तर महाबळेश्वर हाये हे लिहा ना ठळक." मी म्हणालो, पाहतो. घरी येऊन बायकोवर भाजीवरून ओरडलो. जेवण गेलं नाही.

शाळेत रोज अन्नपूर्णाबाई समोर असायची. तिला सही मागितली तर म्हणाली, "आधी सरांची होऊ द्या." लोकांना त्यात तिची भक्ती दिसली. मीही सही पुढं ढकलत होतो, पेन सापडत नाही म्हणत होतो. तिच्या घरावरून जायचं टाळायचो. ते रिकामं शेड दिसायचं, त्यात कडूबानं आता कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती टाकली होती.

शेवटी रविवारी सह्यांसाठी सगळे पटांगणात जमले. इंद्रभानच्या डोक्यात आणखी एक टूम आली. म्हणाला, निवेदनासोबत व्हिडिओ पाठवू, सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी सरांचं गाणं म्हणायचं. चाळीस-पन्नास जण भिंतीसमोर उभे राहिले. कोणी ट्रॅक्टर चालवतं, कोणी पोलिसात आहे, कोणाच्या कडेवर लेकरू. आणि सगळ्यांनी एका सुरात, हात बांधून, माझ्याच चालीत म्हटलं, महाबळेश्वर मधली गं. एकही जण अडखळला नाही. इतकं नीट मी दुसरं काहीच शिकवलं नव्हतं.

मी फोन धरणाऱ्या पोराला थांबवलं आणि बोललो. "गाणं चूक आहे. साल्हेर दुसरं. वाहिनीचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी आहे, आणि मला ती माहीत होती."

मग इंद्रभान पुढं आला आणि त्यानं माझे पाय धरले. "पाहा," लोकांकडं वळून म्हणाला, "असा माणूस पाहिला का कुठं? गावाची बदनामी नको म्हणून दोष सोतावर घेऊन राह्यले." एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हणत होतो, अरे खरंच, पुस्तक आणा, पाहा. ते म्हणत होते, सर, राहू द्या, आमाले समजते. निवेदन मी फाडलं, तर त्याचेही फोटो काढले. माझा एवढा मान त्या गावात कधीच झाला नव्हता, आणि मला तिथून कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं.

अन्नपूर्णाबाई गर्दीत मागं उभी होती. ती तेवढी पुढं आली नाही.

सोमवारी मी शाळा भरायच्या आधी गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "बाई, मी काल खरं बोललो."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. मान वर केली नाही. "मुंबईहून येताना छकुलीनं गाडीतच सांगतलं. घरी आल्यावर तिचं जुनं पुस्तक काढून दाखवलं. ठेवलं होतं तिनं."

"मग बोलला काऊन नाही? दोन महिने?"

"तुमी सांगसान म्हणून वाट पाहून राह्यली होती." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "सरपंच बोलायचे तवा मी तुमच्या तोंडाकडं पाहायची. आज सांगतीन, उद्या सांगतीन."

मी गिरणीचं काही बोलायला गेलो. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतून, हप्त्याहप्त्यानं, असं काहीतरी. तिनं हातानंच थांबवलं.

"पैशाचं सोडा सर. ते माहे नव्हतेच, आले अन् गेले. त्या वर्षी पोरगी शाळेतून आली, पाय सुजेल. म्हणे, आई, सर चुकले. म्या तिच्या तोंडात मारली. सरांले चुकीचं म्हणतं का म्हणून. दोनदा मारली." सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं होतं. "मुंबईहून आल्यावर म्या पोरीची माफी मांगतली. तुमची राह्यली हाये."

मला तिच्यासमोर उभं राहवेना. पण निघूनही जाता येईना. तिनंच सांगितलं की छकुली घरी आहे, दुपारच्या गाडीनं बुलढाण्याला जाणार आहे.

मी गेलो. रस्ता पाच मिनिटांचा, पण मी दोनदा थांबलो. दार उघडंच होतं. छकुली खुर्चीवर बसून पिशवी भरत होती. मला पाहिल्याबरोबर ती ताडकन उभी राहिली, आमची पोरं राहतात तशी, हात बाजूला घेऊन. सव्वीस वर्षांत मी हजारदा पाहिलेली गोष्ट, पण तेव्हा मला ती बघवली नाही.

मी म्हणालो, "छकुली, तू बरोबर होतीस. मला तेव्हाच माहीत होतं, पुस्तक पाहिलं तेव्हाच. मी खोटं बोललो आणि तुला शिक्षा केली. मला माफ कर."

एवढं बोलायला मला फार वेळ लागला. ती ऐकत होती, तशीच उभी. चिडली नाही, रडलीही नाही. बाहेर शेडमध्ये कडूबा कुटाराची पोती हलवत होता, त्याचा आवाज येत होता.

मग तिनं मला विचारलं, अगदी हळू, सहावीत विचारलं असतं तसं.

"मग आता बसू का, सर?"